घळ उघडण्याआधी

घट्ट कातळावर हातोडी मारली की आवाज टणक येतो आणि लगेच संपतो. दगड मागच्या खडकापासून सुटलेला असेल, आत फट असेल, तर आवाज बसका आणि पोकळ येतो. दोरावर लोंबकळणारा माणूस हा फरक ओळखत ओळखत कड्यावरून खाली येतो. एक हात दोर आवळणाऱ्या खटक्यावर, दुसऱ्या हातात हातोडी, कमरेला पहार. ठोकतो, थांबतो, पाय कातळाला टेकवून हातभर बाजूला सरकतो, पुन्हा ठोकतो. बसका आवाज आला की खाली बघून इशारा देतो. खालून तसाच इशारा परत आल्याशिवाय पहार फटीत जात नाही. मग दोन-तीन हिसके, आणि पाटाएवढा एक दगड कड्यावरून सुटतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि पाण्यात जातो. तो माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याचं लक्ष दगड निघाला त्या जागेकडे असतं, कारण एक निघाला की त्याच्या आधाराने बसलेला शेजारचा दगड मोकळा होतो.

हे काम मी पाहिलं ते जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बव्हेरियात, गार्मिश-पार्टनकिर्शेन या गावाच्या पाठीमागे. पार्टनाख नावाची नदी तिथे डोंगर कापून बाहेर पडते. कापलेली घळ सुमारे सातशे मीटर लांब आणि ऐंशी मीटरांहून जास्त खोल आहे. काही ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की मध्ये फक्त नदी मावते. अशा घळीला इकडे क्लाम म्हणतात. आल्प्समध्ये अशा पुष्कळ क्लाम आहेत आणि त्यातल्या कितीतरी आता तिकीट काढून पाहता येतात. कड्यात खोदलेली वाट, एका बाजूला तारेचा कठडा, खाली फेसाळणारं पाणी, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, असा सगळा थाट. छायाचित्रांत ती वाट नेहमी तिथेच असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागते.

वसंतात वरचं बर्फ वितळू लागलं की पार्टनाखक्लाम काही आठवडे बंद ठेवतात. आम्ही गेलो ते नेमके त्या दिवसांत. माझी भाची म्युनिकमध्ये शिकते. तिथून रेल्वेने दीडेक तासात गार्मिशला पोचलो. १९३६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्की-उडीच्या मैदानापासून नदीच्या कडेने अर्धा तास चाललो, आणि फाटकावर पाटी दिसली. भाची हिरमुसली. "मावशी, सांगून तरी ठेवायचं ना त्यांनी," म्हणाली. मी मात्र आतून येणारा दगड आपटल्याचा आवाज ऐकला आणि तिथेच थांबायचं ठरवलं. घाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला तो आवाज कशाचा आहे ते सांगावं लागत नाही.

फाटकाच्या अलीकडे उभं राहून कड्याचा सुरुवातीचा भाग दिसतो. तिथे दोघे दोरावर होते. तिसरा खाली वाटेवर उभा राहून दोघांवर नजर ठेवत होता. त्याच्या हातात वॉकी-टॉकी होता, कारण पाण्याच्या गर्जनेत दहा हातांवरची हाकही ऐकू जात नाही. दोर वर झाडांना आणि कातळात ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेले होते, प्रत्येकाला दोन: एक कामाचा, दुसरा पहिला तुटला तर. कड्याच्या कडेला दोर घासतो तिथे खाली जाड कापड घातलेलं होतं. वरून खाली अशा उभ्या पट्ट्या पाडून ते काम करत होते. एक पट्टी संपली की दोर उचलून मीटर-दोन मीटर पुढे, मग पुढची पट्टी. कामाची दिशा नेहमी वरून खाली, कारण खाली साफ करून वर गेलं तर वरून पडणारा माल डोक्यावर येतो. हे कळायला पुस्तक लागत नाही. पण सातशे मीटर घळ, तिच्या दोन्ही भिंती, आणि त्या सगळ्यावर हातभर अंतराने हातोडी, हे डोळ्यांसमोर आल्यावर मी पुढचे काही तास तिथून हलले नाही.

जेवणाच्या सुटीत ते खाली आले. पाव, मांसाचे काप, गरम चहा. खाली उभ्या असलेल्या वयस्क माणसाशी भाचीने बोलणं काढलं. आम्ही दुसरं काही न पाहता इतका वेळ नुसतं कामच बघत बसलो याचं त्याला नवल वाटलं, आणि त्यामुळेच तो मोकळेपणाने बोलला. आवाजातला फरक मला कळला नाही असं मी म्हटल्यावर तो उठला. वाटेवर पडलेल्या एका मोठ्या धोंड्यावर त्याने हातोडी मारली, मग भिंतीवर मारली, मग भिंतीतच खांद्याच्या उंचीवरच्या एका सुळक्यावर. तिसऱ्या वेळी मला कळलं. तळहात दगडावर ठेवून ठोकलं तर ते हातालाही कळतं. सैल दगडातून येणारा धक्का किंचित उशिरा आणि पसरट पोचतो. नवशिके कानावर विसंबतात, जुने हातावर, असं त्याने सांगितलं. पाडता येणार नाही इतका मोठा दगड सैल असेल तर काय, असं विचारल्यावर त्याने समोर बोट दाखवलं. तिथे कातळात लांब पोलादी सळ्या घालून एक अख्खा खांब मागच्या डोंगराला जखडलेला होता, आणि त्याच्या बाजूला पोलादी जाळी अंथरलेली होती.

दगड सैल होतो कशाने? पाण्याने, आणि थंडीने. पार्टनाखचे कडे चुनखडीचे आहेत. चुनखडीत बारीक भेगा असतातच. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना थोडं आम्लधर्मी होतं, भेगेत शिरतं आणि भिंती विरघळवून तिला रुंद करतं. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. लाकडाच्या गाठीत पाचर ठोकावी तसं ते बर्फ भेगेला दोन्ही बाजूंनी रेटतं. दिवसा वितळतं, तेव्हा पाणी आणखी खोल उतरतं. रात्री पुन्हा गोठतं. हिवाळ्यात कडाक्याची थंडी सलग टिकून राहिली तर खडकाला तेवढं वाईट नसतं. दिवसा शून्याच्या वर आणि रात्री खाली, अशी जी अदलाबदल हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी चालते ती जास्त फोडते. त्यात कड्यावर वाढलेली झाडं. वाऱ्याने खोड हललं की मुळं फटीत तरफेचं काम करतात. हिवाळाभर बर्फ स्वतः त्या फुटलेल्या दगडांना धरून ठेवतं. वसंतात ते धरणंही सुटतं. म्हणून काम वसंतात.

हे ऐकताना मला भोर घाट आठवत होता. आमच्याकडे उन्हाळा संपत आला की रेल्वेची माणसं खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात कड्यांवर चढतात. पहारीने सैल दगड पाडतात, पडलेला माल रुळांपासून दूर नेतात. हिल गँग म्हणतात त्यांना. पावसाळ्यात गाडी घाटातून निर्धास्त जाते तेव्हा खिडकीतल्या माणसाला धबधबे दिसतात, ती माणसं दिसत नाहीत. आमच्याकडे दगड सोडवणारं पाणी पावसाचं, इथे बर्फाचं. आमचा कातळ काळा बेसाल्ट, यांचा करडा चुनखडक. काम मात्र तेच, हत्यारं तीच, आणि वरून खाली यायची रीतही तीच. त्या माणसाला मी हे सांगितलं. त्याने भाचीला दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग त्याच्या दोघा सोबत्यांना हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. एकाने विचारलं, तुमच्याकडे खाली गाड्या चालू असताना काम करतात का? गाड्या थांबवून, ठरवून दिलेल्या वेळात करतात, असं मी सांगितल्यावर त्याने मान हलवली. ते आणखी कठीण, म्हणाला.

काही दिवसांनी घळ उघडली आणि आम्ही आत गेलो.

फाटकातून आत शिरताच हवा बदलते. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा, आणि अंगावर सतत तुषार. वाट कड्याच्या पोटात खोदलेली आहे. कुठे ती एका बाजूने उघडी, कुठे अख्खा बोगदा, आणि छत इतकं खाली की उंच माणसाला मान वाकवावी लागते. सुरुंगाच्या जुन्या भोकांच्या अर्धगोल खुणा भिंतीत अजून दिसतात. छतातून पाणी गळतं. ते चुकवण्यात अर्थ नसतो. पायाखाली वाट कायम ओली, पण घसरडी नाही, कारण तिच्यावरचा चिखल आणि शेवाळ खरवडून काढलेलं असतं. नदी कधी वाटेच्या खाली हातभर, कधी दोन पुरुष. तिचा रंग पावसाच्या दिवसात मातकट, एरवी काचेच्या बाटलीचा हिरवा. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरा करड्या दगडातून तिरप्या धावतात. जिथे पाण्याने भिंत घासून गुळगुळीत केली आहे तिथे त्या शिरा सगळ्यात स्पष्ट दिसतात.

आणि भिंतींवर, आजच्या पाण्यापेक्षा खूप वर, अर्धे कापलेले रांजण. आपल्या निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत तीच ही करणी. भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल गोल फिरत कातळ पोखरतात. निघोजला ते खळगे पायाखाली, आडव्या पात्रात आहेत. इथे ते उभ्या भिंतीवर एकावर एक रांगेत दिसतात, कारण नदी त्यांना पोखरून खाली निघून गेली. तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या अशा एका अर्ध्या रांजणाकडे मान वर करून पाहिलं की कळतं, एके काळी नदीचा तळ तिथे होता. घळीचं वय वाचण्यापेक्षा ते असं पाहिलेलं मला जास्त पटतं.

पाण्याच्या कडेच्या धोंड्यावर एक बुटका पक्षी उभा होता, छातीवर मोठा पांढरा ठिपका, सारखा गुडघे मोडून वर-खाली होणारा. बघता बघता तो वाहत्या पाण्यात शिरला, तळाशी चालत किडे टिपले आणि पुढच्या धोंड्यावर बाहेर आला. जिथे माणूस उभा राहिला तर क्षणात वाहून जाईल तिथे तो चालतो. कठड्याशी थांबलेल्या एका शाळकरी मुलांच्या रांगेने त्याला बघून इतका गलका केला की त्यांच्या बाईंनी वाट अडल्याची दटावणी केली.

नदी इथेच इतकी अरुंद का? घळीच्या अलीकडे आणि पलीकडे दरी चांगली ऐसपैस आहे. उत्तर खडकात आहे. मधला पट्टा मुशेलकाल्क नावाच्या कठीण चुनखडीचा आहे, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा. त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या मऊ, मातकट थरांचा खडक आहे त्यांना भूशास्त्रात याच नदीचं नाव आहे, पार्टनाख थर. आल्प्स उचलले जाताना हे सगळे थर वाकले आणि कठीण पट्टा कमानीसारखा वर आला. मऊ खडकात नदीने हवी तेवढी रुंद दरी केली. कठीण पट्ट्यात तिला बाजूला सरकता आलं नाही, ती खालीच कापत गेली. कठीण दगड हळू झिजतो पण उभा राहतो. मऊ दगड लवकर झिजतो आणि ढासळतो. म्हणून कडा उभा राहतो तो फक्त त्या सातशे मीटरांत.

वरून येणारं पाणीही साधं नाही. जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, २,९६२ मीटरचं त्सुगस्पिट्झ, याच नदीच्या उगमावर आहे. त्याच्या पोटाशी असलेल्या पठारावर श्नेफेर्नर नावाच्या हिमनदीचे दोन तुकडे होते. तिथलं वितळलेलं पाणी ओढ्याने वाहत नाही. ते चुनखडीच्या विवरांत उतरतं आणि खाली राइनटाल दरीत झऱ्यासारखं उसळून बाहेर येतं, तिथून पार्टनाख सुरू होते. २०२२च्या शरदात शास्त्रज्ञांनी दोनपैकी दक्षिणेकडच्या तुकड्याचा हिमनदी हा दर्जा काढून घेतला. त्यात हलायला पुरेसं बर्फच उरलं नव्हतं. त्याच दरीत ब्लाउए गुंपे नावाचा एक निळाशार तलाव होता, साधारण १८००च्या सुमारास दरड कोसळून नदी अडल्यामुळे तयार झालेला. त्याची चित्रं गार्मिशच्या जुन्या पोस्टकार्डांवर आहेत. ऑगस्ट २००५च्या मुसळधार पावसात एका रात्रीत तो गाळाने आणि खडीने भरून गेला. आता तिथे दगडगोट्यांचं विस्तीर्ण पात्र आहे. तो तलाव ज्यांनी लहानपणी पाहिला ते अजूनही त्याच्याबद्दल गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

घळीच्या वरच्या टोकाला वाट अचानक नव्या, सरळ बोगद्यात शिरते. हा भाग १ जून १९९१ नंतरचा. त्या दिवशी दक्षिणेकडच्या तोंडाशी सुमारे पाच हजार घनमीटर कडा कोसळला. वाट गाडली गेली आणि नदी अडून मागे लहानसा तलाव झाला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. नदीने धोंड्यांतून स्वतःची वाट काढली. माणसांनी १०८ मीटरचा बोगदा खोदून ढिगाऱ्याला वळसा घातला. बोगद्याला मध्ये मध्ये झरोके ठेवले आहेत. त्यातून तो ढिगारा दिसतो. घराएवढे धोंडे एकमेकांवर टेकलेले, त्यांच्या खालून पाणी. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. हातोडीने हे कळलं असतं का, हा प्रश्न मनात येतोच. नसतं कळलं. हातोडीला वरचा हातभर थर कळतो. एवढा मोठा तुकडा आतून, कित्येक मीटर खोलवर सुटलेला असतो. दोरावरच्या माणसाच्या कामाला ही मर्यादा आहे आणि त्याला ती माहीत आहे.

याहून मोठं उदाहरण इथून पश्चिमेला, ओबरस्टडॉर्फजवळच्या ब्राइटाखक्लाममध्ये आहे. तिथे २३ सप्टेंबर १९९५ला पन्नास हजार घनमीटर खडक घळीत कोसळला. तीस मीटर उंचीचा बांध झाला आणि मागे तीन लाख घनमीटर पाणी तुंबलं. हिवाळाभर ते तसंच राहिलं. २३ मार्च १९९६ला बांध फुटला आणि सगळं पाणी एका लोंढ्यात घळीतून खाली गेलं. वाटा, पूल, कठडे ओरबाडून नेले. तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण आज तिथल्या कड्यावर डोक्याच्या कितीतरी वर दाखवतात.

त्या घळीची गोष्ट मला वेगळ्या कारणासाठीही लक्षात राहिली. ती उघडली एका पाद्र्याने. योहानेस शीबेल हे टीफेनबाख गावचे धर्मगुरू. गाव गरीब, जमीन थोडी. आल्प्स बघायला शहरांतून माणसं येऊ लागली होती, आणि गावाशेजारची ही घळ मात्र कुणी पाहिलेलीच नव्हती, कारण आत जायला वाटच नव्हती. शीबेल यांनी गावकऱ्यांना एकत्र केलं, पैसे उभे केले, सुरुंग लावून वाट खोदून घेतली आणि ४ जुलै १९०५ला घळ लोकांना खुली केली. तिकिटाचे पैसे गावाकडे राहतील असं मंडळ स्थापलं. जी निसर्गाची शोभा म्हणून आपण पाहतो तिच्या मुळाशी पोटापाण्याचा असा सरळ हिशेब होता, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. त्या हिशेबामुळेच तिथे शंभराहून जास्त वर्षं कुणीतरी पहार घेऊन कड्यावर जात आलं आहे.

पार्टनाखच्या बाबतीत तर हौशी प्रवासी येण्याच्या कितीतरी आधी घळीत मजूर होते. अठराव्या शतकापासून ही घळ लाकूड वाहून नेण्यासाठी वापरात होती. वरच्या राइनटालमध्ये जंगल भरपूर, पण तिथून गाडीरस्ता नव्हता. हिवाळ्यात झाडं तोडायची, चुलीत जातील असे ओंडके करायचे, प्रत्येकावर मालकाची खूण कुऱ्हाडीने कोरायची आणि बर्फावरून घसरवत नदीकाठी आणायचे. वसंतात पाणी फुगलं की ते सगळे पात्रात सोडायचे. पाणी त्यांना घळीतून खाली गार्मिशला नेई. तिथे पात्रात आडव्या लावलेल्या लाकडी दांड्यांच्या जाळ्याशी ते अडत. मग खुणा बघून ज्याचं त्याला.

अडचण मधल्या सातशे मीटरांची. चिंचोळ्या जागी एक ओंडका आडवा झाला की मागचे त्याच्यावर चढत आणि बघता बघता कोंडी होई. पाणी मागे तुंबे, दाब वाढे. ती कोंडी सोडवायला माणूस वरून दोराने उतरवत, एका फळीवर बसवून, हातात लांब दांड्याचा लोखंडी आकडा देऊन. खाली पाणी, वर ऐंशी मीटर कडा, आणि समोर लाकडांचा ढीग, ज्यातला एक नेमका ओंडका ओढला की सगळा ढीग एकदम सुटणार. तो ओंडका कोणता हे ओळखणं हीच खरी विद्या. ओळखला, आकडा टाकला, की वरच्यांनी तत्क्षणी दोर खेचायचा. उशीर झाला तर ओंडक्यांबरोबर माणूसही जाई. हे काम सोपं व्हावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कड्याला लोखंडी आधार ठोकून पाण्याच्या वर काही मीटरांवर फळ्यांची अरुंद पायवाट केली गेली. घळीतली पहिली वाट ती. हौशी लोकांनी ती नंतर वापरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातळ फोडून आताची वाट झाली आणि १९१२मध्ये घळीला निसर्गाचं स्मारक म्हणून संरक्षण मिळालं.

म्हणून मला दोरावरच्या त्या दोघांकडे पाहताना वाटत राहिलं की या घळीत आपण पाहुणे उशिरा आलो. आपल्या आधी ओंडके सोडवणारे होते, आणि त्याच जागी, जवळपास तसंच लोंबकळत, आज दगड पाडणारे आहेत. घळीच्या माहितीफलकावर खडकाचं वय असतं, खोली असते, लांबी असते. या कामाबद्दल एखादी ओळ असते. ती अर्धा फलक असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

एक निर्णय मात्र या कामापेक्षाही अवघड आहे, आणि तो फाटकावर घ्यावा लागतो: आज उघडायची की नाही. पाऊस घळीत पडायला हवा असं नाही. वर दहा किलोमीटरवर ढग फुटला आणि इथे ऊन असलं तरी पाणी थोड्या वेळात चढतं. अरुंद घळीत ते बाजूला पसरू शकत नाही, त्यामुळे वरच चढतं. त्सुगस्पिट्झच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या ह्योलेनटालक्लाममध्ये ऑगस्ट २०२१ला असाच लोंढा अचानक आला, एक लाकडी पूल घेऊन गेला आणि त्यात माणसांचे जीव गेले. त्यानंतर या भागात पावसाचा अंदाज बघून घळ बंद ठेवली तर कुरकुरणारे कमी झाले असतील अशी माझी समजूत होती. पण फाटकावर मी स्वतः माणसांना वाद घालताना पाहिलं. लांबून आलो, उद्या परत जायचं, आभाळ तर स्वच्छ आहे. तिकीट देणारी बाई प्रत्येकाला तेच शांतपणे सांगत होती आणि वरच्या वाटेचा नकाशा हातात देत होती.

ती वरची वाट चांगली आहे. घळ बंद असेल तर तिने जरूर जावं. फाटकाच्या अलीकडून डोंगरावर चढणारी पायवाट जंगलातून लोखंडी पुलावर नेते. हा पूल नदीच्या वर जवळपास सत्तर मीटरांवर घळीच्या दोन्ही काठांना जोडतो. तिथून घळीची रुंदी कळते, जी आतून कळत नाही. पाण्याचा आवाज येतो पण पाणी दोन-तीन ठिकाणीच दिसतं. कामाचे दिवस असतील तर दोरांची टोकं कुठल्या झाडांना बांधली आहेत तेही इथे जवळून पाहता येतं. दोरांना हात लावू नये अशी पाटी आहे. ती पाळावी.

उघडी असेल तर सकाळी फाटक उघडताच जावं. दहा वाजल्यानंतर बसगाड्यांतून माणसं येतात आणि बोगद्यांत एकमेकांना वाट देण्यातच वेळ जातो. रेनकोट हवा, छत्री नको. छत्री छताला अडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. पकड असलेले बूट हवेत. लहान मुलं कठड्याच्या आतल्या बाजूला, हात धरून. कडेवरचं मूल असेल तर त्याच्या डोक्यावर टोपी, कारण छताचा दगड काही ठिकाणी मोठ्यांच्या डोक्यापर्यंत खाली येतो आणि ते आपल्या ध्यानात येत नाही. वाटेत कुठे हातोडीचा आवाज आला तर थांबून वर बघण्याआधी खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं. तो हात वर करून थांबवतो. त्याने हात खाली केला की पुढे निघावं.